बाप कोण, हे विचारायचे कोणी?

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ११२ क्रमांकाचे एक छोटे कलम होते. १ जुलै २०२४ रोजी तो कायदा रद्द होऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कलमाचा क्रमांक ११६ झाला, आशय मात्र जवळपास जसाच्या तसा राहिला. कायदेशीर विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यानंतर आईने पुनर्विवाह केलेला नसताना २८० दिवसांच्या आत मूल जन्मले, तर ते त्या नवऱ्याचेच औरस अपत्य आहे याचा तो ‘निर्णायक पुरावा’ समजायचा, असे हे कलम सांगते. यातून सुटायची वाट एकच आहे. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात नवरा-बायकोचा एकमेकांशी संपर्कच नव्हता, हे सिद्ध करायचे. कायद्याच्या भाषेत निर्णायक पुरावा म्हणजे ज्याच्या विरुद्ध दुसरा पुरावा न्यायालयाने ऐकूनच घ्यायचा नाही असा पुरावा. डीएनए चाचणीचा या कलमात उल्लेख नाही. १८७२ मध्ये तो असणे शक्य नव्हते. २०२३ मध्ये संसदेने नवा कायदा केला तेव्हा तो घालता आला असता, पण घातला नाही. त्यामुळे आजही असे घडू शकते की प्रयोगशाळा म्हणते हा पुरुष या मुलाचा जनक नाही, आणि कायदा म्हणतो हाच त्याचा बाप. अनेकांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. माझ्या मते कलमामागची मूळ भूमिका शहाणपणाची आहे. दोष आहे तो दुसरीकडे. पितृत्वाचा प्रश्न कोण विचारतो आहे आणि कधी विचारतो आहे, याकडे हे कलम पाहतच नाही.

कलमाचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा, आणि त्यांच्यामागे होता इंग्लंडचा जुना कायदा. विवाह ज्याच्याकडे बोट दाखवतो तो बाप, हे रोमन काळापासूनचे सूत्र. १७७७ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी त्याला आणखी बळकटी दिली: आमच्यात संबंध आला नव्हता असे सांगून नवऱ्याने किंवा बायकोने आपल्याच घरात जन्मलेल्या मुलाला अनौरस ठरवायचे नाही, तशी साक्षच त्यांच्याकडून घ्यायची नाही. भारतीय कायद्याने संपर्क नसल्याचा पुरावा द्यायला मुभा ठेवली. पण संपर्क म्हणजे काय, हे १९३४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ठरवले तेव्हा ती मुभा बरीच आक्रसली. संपर्क म्हणजे प्रत्यक्ष शरीरसंबंध नव्हे, त्याची नुसती संधी. दोघे एका छपराखाली राहत असतील, किंवा एकाच गावात राहून भेटू शकत असतील, तर संधी होती. नवरा त्या काळात परदेशी होता, तुरुंगात होता, अशी काही परिस्थिती असेल तरच कलमाबाहेर पडता येते. हे सारे इंग्रजांनी आपल्यावर लादले, असे म्हणणाऱ्यांनी मनुस्मृतीचा नववा अध्याय पाहावा. तिथे बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत आणि त्यांत एक ‘गूढोत्पन्न’ आहे: घरात जन्मला पण कोणापासून ते कळत नाही असा. तो आईच्या नवऱ्याचा पुत्र ठरतो, आणि वारसा मिळणाऱ्या पहिल्या सहांमध्ये त्याची गणना होते. अर्थात मनूचे कारण आणि आपले कारण एक नाही. तिथे स्त्री हे शेत आहे, पीक शेतमालकाचे आहे, इतका रोकडा हिशेब आहे. आज कोणी त्या कारणावर हा नियम उभा करू पाहील तर तो नियम पडायलाच हवा.

मग आज तो कशावर उभा आहे? मुलाच्या हातून काय जाते, ते पाहिले म्हणजे कळते. हिंदू वारसा कायद्यात ‘अनौरस’ मूल आईशी आणि आपल्या भावंडांशी नात्याने जोडलेले मानले जाते, बापाशी नाही. शून्य किंवा शून्यकरणीय विवाहांतून जन्मलेल्या मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने औरसपण दिले आहे, आणि आईबापांच्या वाट्याच्या वडिलोपार्जित मिळकतीतही त्यांचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. पण आई एकाची पत्नी आणि मूल दुसऱ्यापासून, या स्थितीत कलम १६ कामाला येत नाही. म्हणजे डीएनएच्या एका कागदाने नवऱ्याचे पितृत्व पुसले की मूल त्याच्या मिळकतीचे वारस राहत नाही. आणि खऱ्या जनकाने मृत्युपत्र केलेले नसेल तर त्याच्याही मिळकतीत शिरत नाही. पोटगीपुरती गोष्ट वेगळी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, औरस आणि अनौरस दोघांनाही पोटगी देते. पण त्यासाठी जनक कोण हे आधी सिद्ध करावे लागते, आणि तो माणूस सहसा स्वतःहून पुढे येत नाही. पालकत्वाचेही तसेच. १९५६ च्या कायद्यानुसार औरस अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि मग आई. अनौरस मुलाच्या बाबतीत आधी आई. शाळेचा दाखला, पासपोर्ट, बँकेतले खाते, शस्त्रक्रियेची संमती, घटस्फोटानंतरचा ताबा आणि भेटीचे दिवस, हे सगळे या एका ठरण्यावर लटकलेले असते. नवरा ‘मला फक्त सत्य हवे’ म्हणतो तेव्हा त्या सत्याची किंमत त्याच्या खिशातून जात नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

न्यायालयांनी हे ओळखले, पण एकसारखे नाही. १९९३ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: रक्ताची चाचणी मागितली की द्यायची असे नाही, संपर्क नव्हता असे सकृद्दर्शनी भक्कमपणे दाखवावे लागेल, मुलावर अनौरस आणि आईवर बदफैली असा शिक्का बसेल का, याचा विचार करावा लागेल, आणि कोणालाही जबरदस्तीने रक्ताचा नमुना द्यायला लावता येणार नाही. २००१ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेले. नवरा-बायको एकत्र राहत होते, आणि डीएनए अहवाल नवऱ्याच्या विरुद्ध गेला, तरी कलमाचा निर्णायकपणा ढळत नाही. पतीला हे जाचक वाटेल, पण कायद्याचा कल निष्पाप मुलाकडे आहे, असे त्या निकालाचे सार. मग जानेवारी २०१४ मध्ये विदर्भातले एक पोटगीचे प्रकरण आले. नवऱ्याचे म्हणणे, १९९१ नंतर बायकोशी संबंधच आला नाही. बायकोचे म्हणणे, १९९६ पासून काही काळ पुन्हा एकत्र होतो. मुलीसाठी दरमहा ५०० रुपये पोटगी ठरली होती. सर्वोच्च न्यायालयानेच चाचणीचा आदेश दिला. नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेने नकारार्थी अहवाल दिला, बायकोने तो मान्य केला नाही म्हणून हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा चाचणी झाली, तीही नकारार्थी. न्यायालय म्हणाले, गृहीतक आणि विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य समोरासमोर आले तर सत्याला वाट द्यावी लागेल. मुलीची पोटगी थांबली. आधी दिलेले पैसे परत घ्यायचे नाहीत, एवढी सवलत तिला मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागणाऱ्या एका नवऱ्याची डीएनए चाचणीची मागणी मान्य झाली. पत्नीने चाचणीला नकार दिला तर त्या नकारावरून न्यायालय तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकेल, अशी तोड तिथे काढली गेली. नऊ वर्षांनी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेले, मुंबई उच्च न्यायालयात नवऱ्याच्या बाजूने गेलेले प्रकरण दिल्लीत पोहोचले. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती रामसुब्रमण्यन आणि न्यायमूर्ती नागरत्ना यांनी चाचणीचा आदेश रद्द केला. व्यभिचार सिद्ध करायचा असेल तर इतर पुरावे आणा, नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला मधे ओढू नका. आणि आईने नकार दिला म्हणून मुलाच्या औरसपणाविरुद्ध अनुमान काढता येणार नाही.

२००१, २०१४ आणि २०२३ हे निकाल एकमेकांशेजारी ठेवले की वकिलांना घोळ दिसतो. मला त्यांत एक सुसंगती दिसते, न्यायालयांनी ती स्वतः या शब्दांत मांडलेली नसली तरी. २०२३ च्या प्रकरणात नवऱ्याला मुलाबद्दल काहीच नको होते. त्याला बायकोविरुद्ध पुरावा हवा होता, आणि मूल हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा पुरावा होता. व्यभिचार हा गुन्हा म्हणून २०१८ मध्ये गेला, घटस्फोटाचे कारण म्हणून राहिला. त्यामुळे ही मागणी करण्याचा मोह वाढतच जाणार. विदर्भातल्या प्रकरणात मात्र प्रश्न थेट बाप-मुलीच्या नात्याचाच होता, आणि संपर्क नव्हता हे नवऱ्याचे म्हणणे पहिल्यापासूनचे होते. तरीही तो निकाल मला अर्धाच पटतो. अहवाल हातात आल्यावर न्यायालयापुढे दुसरा रस्ता नव्हता, हे खरे. पण अहवाल मागवलाच नसता तर? सत्य पाहिल्यावर डोळे मिटता येत नाहीत, म्हणून ते पाहायचे की नाही याचा निर्णय आधी आणि विचारपूर्वक व्हायला हवा.

प्रश्न विचारणारे मूल असेल तर चित्र पालटते. नारायण दत्त तिवारी हे उत्तर प्रदेश आणि उत्तराखंड या दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री राहिलेले नेते. त्यांच्याविरुद्ध एका तरुणाने २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला: हे माझे जनक आहेत, तसे जाहीर व्हावे. त्याचा जन्म झाला तेव्हा आईचा विवाह दुसऱ्या पुरुषाशी टिकून होता, म्हणून कलम ११२ ची भिंत तिवारींच्या बाजूने उभी होती. डिसेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी औरसपण आणि जैविक पितृत्व या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत असे म्हणत चाचणीचा आदेश दिला. मुलाला आपले मूळ जाणण्यात रस असू शकतो, आणि मुलाच्या रक्षणासाठी बांधलेली भिंत मुलाच्याच वाटेत उभी करता येत नाही. तिवारींनी शक्य तेवढी टाळाटाळ केली. मे २०१२ मध्ये देहरादूनला नमुना घेतला गेला आणि जुलैमध्ये अहवाल उघडला: जनक तेच होते. पुढे त्यांनी ते जाहीरपणे मान्यही केले.

पण जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही फोड नाकारली. २००१ मध्ये जन्मलेल्या त्या तरुणाची आई म्हणत होती की जनक नवरा नसून दुसरा माणूस आहे. महापालिकेच्या जन्मनोंदीत त्या माणसाचे नाव घालावे म्हणून तिने प्रयत्न केला, दावा लावला, हरली. पुढे पोटगीच्या मार्गाने तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती भुयान यांचे म्हणणे असे: जन्माच्या वेळी विवाह टिकून होता, पती-पत्नींना एकमेकांपर्यंत पोहोचता येत होते, दुसऱ्याही कोणाला संधी होती म्हणून पतीची संधी नाहीशी होत नाही. औरसपण ठरले की पितृत्व ठरले, दोन्हींचा वेगवेगळा तपास नाही. शिवाय ज्याच्यावर बोट ठेवले आहे त्याच्याही खासगीपणाला आणि प्रतिष्ठेला किंमत आहे. त्या प्रकरणात आधी एकदा हरलेला वाद दुसऱ्या दाराने परत आला होता, हे लक्षात घेता निकाल समजण्यासारखा आहे. सर्वसाधारण नियम म्हणून मात्र तो जड जातो. सज्ञान झालेल्या माणसाला स्वतःच्या मुळाबद्दल विचारायचे असेल आणि औरसपण गमावण्याचा धोका तो उघड्या डोळ्यांनी पत्करत असेल, तर त्याला कोणापासून वाचवायचे? भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत शक्य तितपत आपले आईबाप जाणण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे. हक्क मुलाचा आहे, नवऱ्याचा किंवा दिराचा नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. ज्या पुरुषाची फसवणूक झाली त्याचे काय? आपले नाही ते मूल आयुष्यभर आपले म्हणून वाढवायचे, त्याचा खर्च करायचा, आणि तक्रार केली तर कायद्याने तोंडावर दार लावायचे, हा न्याय कसला? आक्षेप पोकळ नाही. पण याचे उत्तर आपल्याच कायद्यात सत्तर वर्षांपासून पडून आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२: लग्नाच्या वेळी बायको दुसऱ्यापासून गरोदर होती आणि नवऱ्याला ते ठाऊक नव्हते, तर तो विवाह रद्द करून घेऊ शकतो. अट एवढीच की लग्नापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, आणि कळल्यानंतर स्वखुशीने संसार चालू ठेवलेला नसावा. म्हणजे फसवणुकीला दाद आहे, पण मुदतीत. हाच विचार पितृत्वाच्या वादाला का लावू नये? मूल जन्मल्यावर, किंवा संशयाला ठोस कारण कळल्यावर, ठरावीक काळात नवऱ्याने प्रश्न विचारला तर त्याला चाचणीची वाट मोकळी असावी, एका छपराखाली राहत होता म्हणून ती अडवू नये. बाळ लहान असते, नाते रुजलेले नसते, खऱ्या जनकाला शोधणेही तेव्हा सोपे असते. पण आठ वर्षे ज्याने शाळेच्या फॉर्मवर बाप म्हणून सही केली त्याला घटस्फोटाचे समन्स आल्यावर अचानक विज्ञानाची आठवण होत असेल, तर दार बंद असावे. फ्रान्समध्ये जन्मनोंदीप्रमाणेच पाच वर्षे बाप म्हणून वागणूक झाली की त्या पितृत्वाला खासगी व्यक्तींना आव्हान देता येत नाही. जर्मनीत आव्हानाला दोन वर्षांची मुदत आहे. त्याशिवाय जर्मन घटनात्मक न्यायालयाने २००७ मध्ये गुपचूप केलेल्या चाचण्यांचा पुरावा अमान्य ठरवला, पण सत्य जाणण्याची वेगळी वाट द्या असे संसदेला बजावले; त्यानुसार २००८ पासून तिथे कायद्याचे नाते न तोडताही जैविक पितृत्वाची खातरजमा करता येते. सत्य कळणे आणि नाते तुटणे या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे आपल्या कायद्याला अजून सुचलेले नाही.

दुसरा आक्षेप जरा तात्त्विक आहे: डीएनए हेच सत्य, बाकी सारे कायद्याचे सोंग. तर मग २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याचे काय करायचे? दात्याच्या बीजापासून जन्मलेले मूल त्या दांपत्याचे जैविक अपत्य ‘मानले जाईल’, असे तो कायदा सांगतो आणि दात्याचे सगळे पालकहक्क संपवतो. सरोगसीच्या कायद्यातही तीच रचना आहे. कायदेशीर दत्तकविधान झाल्यावर दत्तक घेणाऱ्याला ते मोडता येत नाही. या सगळ्या ठिकाणी जनुकांपेक्षा पत्करलेली जबाबदारी मोठी ठरते आणि कोणाची हरकत नसते. फरक संमतीचा आहे, असे कोणी म्हणेल: दत्तक घेणारा जाणून घेतो, फसलेला नवरा नाही. बरोबर, म्हणूनच मुदतीची वाट हवी. मुदत सुरू व्हायची ती ठोस माहिती मिळाल्यापासून. आणि कळूनही जो गप्प राहिला त्याने संमती दिली असे मानण्यात अन्याय नाही.

तिसरा माणूस, म्हणजे विवाहाबाहेरचा जनक, याला भारतात जवळपास काहीच जागा नाही. मूल दुसऱ्याच्या विवाहात जन्मले की तो ताबा मागू शकत नाही, भेट मागू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात, रक्तचाचणीत जनक असण्याची शक्यता ९८ टक्क्यांहून अधिक निघालेल्या पुरुषाला, विवाहित कुटुंबाच्या बाजूने नकारच दिला होता. जर्मन न्यायालयाने २०२४ मध्ये मात्र मुलाशी प्रत्यक्ष नाते जोडलेल्या जनकाला पूर्णपणे बाहेर ठेवणे घटनाबाह्य ठरवले. माझा कल जर्मन बाजूला आहे, पण हात राखून: निव्वळ बीजाचा दावा पुरेसा नाही, मुलाला त्याने वाढवले असेल तर ऐकावे. आणि मिळकतीच्या भांडणात भावंडांनी किंवा चुलत्यांनी हा प्रश्न उकरला, तर त्यांना दारातूनच परत पाठवावे. २०२१ मध्ये बहिणींनी भावाच्या डीएनएची मागणी केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचा आधार घेऊन नेमके तेच केले.

विधी आयोगाने २००३ मध्ये आपल्या १८५व्या अहवालात या कलमात डीएनए चाचणीचा अपवाद घालावा अशी शिफारस केली होती. संसदेने २०२३ मध्ये ती घेतली नाही, याचे मला दुःख नाही. नुसता अपवाद घातला असता तर मुदत नसलेले एक हत्यार घराघरात गेले असते. पण काहीच न करणे हाही उपाय नव्हता. कलम ११६ मध्ये नवऱ्यासाठी मुदत, सज्ञान अपत्यासाठी मोकळी वाट आणि इतर सर्वांसाठी मज्जाव, एवढी दुरुस्ती करणे संसदेच्या हातात आहे. ती होईपर्यंत एक गोष्ट न्यायालयांना आजच करता येते. घटस्फोटाच्या दाव्यात मूल पक्षकार नसते. ज्याच्या शरीरातून नमुना घ्यायचा आणि ज्याचे नाव पणाला लागायचे, त्याच्या वतीने बोलणारे तिथे कोणीच नसते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४, याच्या कलम १३ प्रमाणे न्यायालयाला मदतीसाठी तटस्थ वकील नेमता येतो. डीएनए चाचणीचा कोणताही अर्ज, मुलाची बाजू मांडण्यासाठी असा वकील नेमल्याशिवाय सुनावणीला घेऊ नये.